घडी न मोडलेल्या साड्या

“मग थर्माकोलचं काय करायचं?” उपासनी काकूंनी विचारलं, आणि सगळ्या मीटिंगमध्ये सुतकासारखी शांतता पसरली.

आमच्या ‘हरितकुंज’ सोसायटीच्या महिला मंडळाची मीटिंग गच्चीवर भरली होती. नावात हरितही आहे आणि कुंजही आहे, फक्त खाली सगळे पेव्हर ब्लॉक आहेत. आई सतरंजीच्या टोकाला बसली होती आणि मी तिच्या मागे. मी तेव्हा सातवीत होते. सातवीतल्या मुलींना मीटिंगला कुणी बोलवत नाही, पण हाकलतही नाही, कारण चहाचे कप फिरवायला कुणीतरी लागतंच.

आईने विचारलं होतं एवढंच, की जिन्यामागची वॉचमनची खोली पडूनच आहे, तर तिथे मी माझं शिलाई मशीन ठेवू का? वॉचमन जाऊन कॅमेरे आले होते आणि कॅमेऱ्यांना खोली लागत नाही. पण खोली रिकामी नव्हती. तिथे गणपतीची मखरं राहत होती. एका वर्षीचा राजवाडा, एका वर्षीचं केदारनाथ, एका वर्षीचं चंद्रावर उतरलेलं यान. प्रत्येक मखर ‘पुढच्या वर्षी पुन्हा वापरू’ म्हणून आत जायचं आणि पुढच्या वर्षी त्याच्या सोबतीला नवीन यायचं. आता थर्माकोलवर बंदी होती, म्हणून तर ते बाहेर काढता येत नव्हतं.

“बाहेर काढलं की लोकांना दिसेल,” सेक्रेटरी सोनवणे काकू म्हणाल्या. “आणि आपण तर स्पर्धेत नाव दिलंय.”

स्पर्धा म्हणजे नवचक्र प्रतिष्ठानची ‘चक्राकार सोसायटी’ स्पर्धा. जुन्याचं नवं करा, काही फेकू नका, शाश्वत विकास साधा. उपासनी काकू अध्यक्ष. त्यांनी डोळे मिटले, म्हणजे त्यांना काहीतरी सुचत होतं, आणि मग त्या आईकडे वळल्या.

“वर्षा, असं करू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परीक्षक मॅडम येणारेत. ह्या वेळचं वाण तू शिवायचं. जुन्या साड्यांच्या पिशव्या! प्लास्टिकचे डबे नाहीत, चाळण्या नाहीत. ट्रॉफी आली की खोली तुझी.”

“नक्की ना, काकू?” आईने विचारलं.

“अगं, शब्द आहे माझा!”

आता ती खोली आईला का हवी होती ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की हे काही ‘हौस म्हणून शिवते’ असलं प्रकरण नव्हतं. आमचं घर वन बीएचके. मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून. एका पायाने पायडल आणि एका हाताने फोडणी, असं आईचं चालायचं. एकदा वरणात ब्लाउजचा हूक निघाला. पप्पांनी तो कढीपत्त्यासारखा ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा भात कालवला. माझं अभ्यासाचं टेबल म्हणजे कटिंगचं टेबल, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीवर महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी नेहमी खडूने कुणाच्यातरी बाहीचा उतार असायचा. हे सगळं चाललं असतं. पण त्या दिवाळीत एका शाळेचं सगळ्या गणवेशांचं काम आईकडे चालून आलं होतं. ते गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले, आत बघितलं आणि म्हणाले, “कापडाचे तागे कुठे ठेवाल, ताई?” आईने ओट्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं, आणि त्यांना चहा दिला. ते गेल्यावर ती दार लावून कडीला हात धरून बराच वेळ तशीच उभी होती. मी हाक मारली तर म्हणाली, “काही नाही गं. कडी घट्ट झालीय.”

तर ती खोली.

मंडळाने काम जोरात सुरू केलं. आधी फ्लेक्स छापून आला, भला मोठा, ‘प्लास्टिकला नाही म्हणा’. तो लावायला प्लास्टिकच्या दोऱ्या आणल्या. मग साड्या गोळा करायला नवाकोरा प्लास्टिकचा पिंप आणला, त्याला वरून हिरवा रंग दिला आणि लिफ्टपाशी ठेवला. ‘जुनी साडी द्या, नवं जीवन घ्या.’

मी रोज शाळेतून आल्यावर पिंपात डोकावायचे. पहिल्यांदा एक परकर आला. मग एकटा मोजा. मग कुणीतरी मोडका मॉप उभा करून गेलं, दांड्यासकट. साडी एकही नाही!

“आमच्याकडे जुनं राहतच नाही गं,” उपासनी काकू आईला म्हणाल्या. “मी एकेक साडी विटेस्तोवर वापरते.”

“आमच्या हिला तर मी सांगून थकलो, नवीन घे म्हणून,” सोनवणे काका म्हणाले, आणि सोनवणे काकू इतक्या साध्या दिसायला लागल्या की मलाच वाईट वाटलं.

देवरे काकू तळमजल्यावरच्या. त्यांनी तर डोळ्यांना पदर लावला. “माहेरची साडी असते, वर्षा. जीव गुंततो. कशी द्यायची?”

आणि दुपारी, पुरुषमंडळी कामावर गेली की, खालून हाक यायची. “भांडीऽऽऽ ये!” जशीबेन भांडीवाली, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचं बोचकं. त्या हाकेसरशी ज्यांचा जीव गुंतलेला होता त्यांची दारं पटापट उघडायची. मी शाळेत असायचे, त्यामुळे मला हे काही माहीत नव्हतं. आईचं मशीन दुपारी चालू असायचं, त्यामुळे तिलाही ऐकू यायचं नाही. संक्रांत जवळ आली आणि पिंपात मॉपच उभा, तेव्हा आईने एक दिवस मशीन थांबवलं आणि जशीबेनला वर बोलावलं.

“जशीबेन, मला साड्या हव्यात. बऱ्यापैकी. फाटक्या नकोत.”

जशीबेन पाटी उतरवायची थांबली. “ताई, तुम्ही उलटं बोलता. लोक मला साडी देते आणि भांडं घेते.”

“मी भांडी देते.”

आई खरंच उठली आणि माळ्यावरची भांडी काढायला लागली. लग्नातले डबे, बारशातले पेले, कधी न वापरलेला मोठा तांब्या. जशीबेनने तांब्या वाजवून बघितला, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं (त्या दिवशी मला सुट्टी होती), आणि हसत सुटली. तीस वर्षांच्या धंद्यात भांडी देऊन साड्या मागणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. मग तिने बोचकं सोडलं.

“शरू, हे बघ,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम हळू झाला होता.

वांग्याच्या रंगाची, पोपटी काठांची एक. लिंबाच्या रंगाची, पदरावर ओळीने हत्ती चाललेली एक. एक मोरपंखी. आणखी कितीतरी. आईने मोरपंखी हातात घेतली आणि घडीवरून बोट फिरवलं.

“ह्या जुन्या कुठे आहेत? ह्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. फॉल लागलेला नाही.”

“मोठ्या लोकांच्या जुन्या अशाच असतात, ताई,” जशीबेन तांब्या पाटीत ठेवत म्हणाली आणि गेली.

आईने त्या कोणाच्या, असं विचारलंच नाही. विचारून करायचं काय? आम्हाला वाटलं, जशीबेन गावभर फिरते, गावभरच्या असतील. आणि आमच्या सोसायटीत ह्यातली एकही साडी कुणाच्या अंगावर कधी दिसली नव्हती. दिसणार कशी? घडीच मोडली नव्हती ना!

पिशव्या अशा झाल्या की काय सांगू! आईने प्रत्येक पिशवीला साडीचा काठ उभा लावला, पदरातला एकेक हत्ती एकेका पिशवीच्या मधोमध आणला, आतून अस्तर, वरून बंद. मी बटणं लावली. पप्पांनी दोरे कापले. एका साडीत इतक्या पिशव्या निघाल्या की प्रत्येक रंगाचा गठ्ठा झाला.

आणि मी? मला सूत्रसंचालन मिळालं होतं! मुळात ते देवरे काकूंच्या श्रावणीला द्यायचं ठरलं होतं, पण तिला ऐन वेळी गालगुंड झालं. त्याआधी मी चार माणसांत पाणीसुद्धा मागायचे नाही. पण त्या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता आणि माईकमधून येणारा स्वतःचा आवाज मला भयंकर आवडला होता. आता दहावीत असताना मला माईकवरून उतरवायला दोन शिक्षक लागतात, त्याची सुरुवात ती.

हळदीकुंकू पार्किंगमध्ये होतं. सगळ्या जणी काळ्या साड्यांत. परीक्षक खर्डेकर मॅडम आल्या, त्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिला, पाण्याची बाटली दिली, ती संपायच्या आत दुसरी दिली. उपासनी काकूंनी सगळ्यांना सक्त ताकीद दिली होती, की उखाणेसुद्धा विषयाला धरून पाहिजेत. त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

“ओल्या कचऱ्याचे हिरवे आणि सुक्याचे निळे डबे, विनायकराव रोज सकाळी पिशवी घेऊन उभे!”

टाळ्या! विनायकराव खांबामागे सरकले.

मग त्यांनी भाषण केलं. “चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे काय, भगिनींनो? काहीच संपत नाही. काहीच वाया जात नाही. जे आपल्या हातून जातं, ते फिरून आपल्याकडे येतं. वस्तू दिली म्हणजे संपलं असं नाही. ती पुढे कुठे जाते, कुणाच्या हातात पडते, ह्याची जाणीव आपण प्रत्येकीने ठेवली पाहिजे!”

“सुंदर,” खर्डेकर मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

वाण लुटून झालं. प्रत्येकीच्या हातात एकेक पिशवी. मॅडम पिशवीचा काठ आतून बाहेरून बघत होत्या. त्यांनी आईला जवळ बोलावलं, शिलाईबद्दल विचारलं. आईचे कान लाल झाले. मी बाजूलाच होते. मला ती खोली डोळ्यांसमोर दिसायला लागली, चुना मारलेली, खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापडाचे तागे.

आता तिळगूळ वाटून कार्यक्रम संपवायचा होता, पण तिळगुळाची परात वर सोनवण्यांच्या घरी राहिली होती आणि लिफ्ट अडकली होती. माईक माझ्या हातात. समोर सगळी सोसायटी आणि परीक्षक. शांतता! माईकवाल्या माणसाला शांतता सोसत नाही. मला वाटलं, आता असं काहीतरी बोलावं की ट्रॉफी घरात आलीच.

“तर मैत्रिणींनो,” मी म्हणाले, “प्रत्येक साडीला एक गोष्ट असते. आता आपल्या हातातल्या पिशवीकडे बघा. ही साडी कुणाची होती? कुठून आली? ज्यांना ओळखू येईल त्यांनी उभं राहून सांगा!”

“वा!” खर्डेकर मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. “वस्तूचा प्रवास! हेच तर आम्हाला हवं असतं.”

कुणीच उठेना. मग पहिल्या रांगेत सोनवणे काकू हळूहळू उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात वांगी रंगाची पिशवी होती. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, काठाला नाक लावलं.

“ही मी घेतलेली,” त्या म्हणाल्या.

“अरे वा! टाळ्या!” मी म्हणाले.

“येवल्याला जाऊन घेतलेली. तीन दुकानं फिरून. हा पोपटी काठ मुद्दाम सांगून काढायला लावला होता.” त्यांनी मान वळवली. “आणि उपासनी वहिनींना दिली. त्यांच्या शंतनूच्या लग्नात. आहेर म्हणून.”

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

“छे गं,” उपासनी काकू हसल्या. “तुझी साडी माझ्या कपाटात आहे. जपून ठेवलीय. सणाला नेसायची म्हणून.”

“मग ही कुठनं आली?”

“तशीच दुसरी असेल.”

“तशी दुसरी नाहीये, वहिनी! काठ मी काढायला लावलाय!”

“एका साडीसाठी एवढं—” उपासनी काकूंनी स्वतःच्या हातातली पिशवी सावरली, आणि त्यांची नजर त्या पिशवीवर पडली. मधोमध हत्ती. लिंबू रंग. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. “एक मिनिट. हा हत्ती... हे हत्ती मी देवऱ्यांना दिले होते! वास्तुशांतीला!”

देवरे काकू एकदम ताठ झाल्या. “नेसलेय मी ती! एकदा!”

“कधी?”

“तुम्ही नव्हता तेव्हा!”

“नेसलीस तर हा घडीचा माग कसा राहिला हत्तीच्या पोटावर? नेसलेल्या साडीला दुकानाची घडी असते का?”

“मला बोलू नका हं, वहिनी!” देवरे काकू रडायलाच लागल्या, पण रडता रडता त्यांनी शेजारणीच्या मांडीवरची मोरपंखी पिशवी हिसकली. “आणि ही? ही कुणाची? ही मी सोनवणेंना सत्यनारायणाला दिली होती! माझ्या भावाने आणलेली!”

“मी ती पुढे आदराने दिली,” सोनवणे काकू म्हणाल्या.

“कुणाला?”

सोनवणे काकूंनी फक्त उपासनी काकूंकडे बघितलं.

“मला काय माहीत ती देवऱ्यांची!” उपासनी काकू ओरडल्या. “मला वाटलं, हीसुद्धा तू स्वतः घेऊन दिलीस!”

मग काय! मागच्या रांगेतल्यासुद्धा उठल्या. काकवा एकमेकींच्या हातातल्या पिशव्या उजेडाकडे धरून बघत होत्या. “ही तर माझ्या नणंदेची!” “बारशाला दिलेली हीच ना गं?” “जीव गुंतला होता म्हणे!” कुणीतरी जशीबेनचं नाव घेतलं, आणि मग प्रत्येकीला एकदम कळलं की बाकीच्यांच्या दुपारी कशात जातात. आई भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, की बंद कर, माईक बंद कर.

आणि त्या गदारोळात एकटीच टाळी ऐकू आली.

खर्डेकर मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती आणि तिच्यात पाचव्या ओळीत छापलेलं होतं, ‘लघुनाट्य’. ते लघुनाट्य बसवायचं राहून गेलं होतं, कारण मुलांचे क्लास होते. पण छापलेलं तसंच राहिलं होतं.

“अप्रतिम!” मॅडम म्हणाल्या. “इतका नैसर्गिक अभिनय मी कुठल्याच सोसायटीत बघितला नाही! तीन घरं फिरूनही वस्तू नवीच्या नवी! उपभोगाविना अभिसरण! आणि तुम्ही, लिंबू साडीच्या ताई, तुम्ही खरंच रडलात का हो?”

देवरे काकूंनी नाक पुसलं. सगळ्या जणी थिजल्या होत्या. सावरल्या त्या उपासनी काकूच. उगाच नाही तीन वर्षं अध्यक्ष!

“हो, म्हणजे, नाटकच,” त्या म्हणाल्या. “आमची तालीम फार झाली होती.”

“फारच,” सोनवणे काकू दात आवळून म्हणाल्या.

मी माईक उचलला. “तर मंडळी, हे होतं आपलं लघुनाट्य, ‘जे गेलं ते परत येतं’!” आणि काय सांगू, सगळ्या कलाकारांनी ओळीत उभं राहून वाकून नमस्कार केला.

ट्रॉफी आली. पहिली! उपासनी आणि सोनवणे काकूंनी ती दोन बाजूंनी धरून फोटो काढला. फोटोत दोघी हसतायत, पण नीट बघितलं तर दोघींच्याही बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसतात.

दुसऱ्या दिवशी आई उपासनी काकूंकडे गेली. मीही गेले, कारण मला खोलीची किल्ली स्वतःच्या हातात घ्यायची होती.

“कसली खोली?” काकू म्हणाल्या.

“काकू, ट्रॉफी आली की—”

“ट्रॉफी नाटकाला मिळाली, वर्षा. प्रमाणपत्रावर लिहिलंय, ‘प्रभावी सादरीकरण’. पिशव्यांचा उल्लेख तरी आहे का? आणि नाटकात तुझं काम कुठे होतं?” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “तुला सोसायटीच्याच साड्या मिळाल्या का गं शिवायला? मुद्दाम केलंस ना?”

मी बोलणार होते, खूपच बोलणार होते, पण आईने माझा दंड धरला आणि आम्ही जिना उतरलो. घरी येऊन तिने मशीनवर कव्हर घातलं. मशीनवर कव्हर! आमच्या घरात त्या कव्हरला घडीच्या बाहेर कुणी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकघर फार मोठं वाटत होतं आणि कुणालाच जेवण गेलं नाही.

आता गंमत ऐका.

तीन-चार दिवसांनी दुपारी देवरे काकू आल्या. हातात भाजीची पिशवी, वर मेथीची जुडी. मेथीखाली साडी.

“वर्षा, कुणाला सांगू नकोस. ही उपासनी वहिनींनी मागच्या दिवाळीत दिलेली. आता नेसावी तर रंग बघ कसला, मला बघून कावळे उडतील. जशीबेनला द्यायची सोय राहिली नाही. पुढे ढकलावी, तर हल्ली ज्या घरी जावं तिथे विचारतात, ‘ही कुणाची हो?’ काल वहिनी आमच्याकडे येऊन गेल्या. पाणी पितापिता नजर सगळी कपाटाकडे! तू असं कर, हिची सोफ्याची उशी शिव. मोठी. दारातून आत आलं की समोर दिसली पाहिजे.”

आईने कव्हर काढलं.

मग दोन नंबरच्या आल्या, पाचच्या आल्या. सगळ्यांचं दुखणं एकच. दिलेल्या साडीचं काय केलंत, हे देणारीला दिसलं पाहिजे. कुणाला टेबलावरचं कापड हवं होतं, कुणाला नातीचा परकर-पोलका, कुणाला फ्रिजचं कव्हर. ज्या साड्यांचं आयुष्य कपाटातून बोचक्यात जायचं, त्या आता घरोघरी दिवाणखान्यात बसल्या. जशीबेनची हाक यायची, पण दारं उघडत नव्हती. ती आईला म्हणाली, “ताई, तुम्ही माझा धंदा बसवला,” आणि मग तिनेही एक बोचकं आमच्याच घरात ठेवलं, पिशव्या शिवायला.

पण घर! पलंगावर साड्या, पलंगाखाली साड्या, माझ्या भूगोलावर साड्या. पप्पा कुकरजवळ उभे राहून जेवायचे. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे गिऱ्हाईकं गुपचूप येणारी, आणि आमचा जिना एकच. दोघी जिन्यात भेटल्या की दोघीही म्हणायच्या, “साखर मागायला आले होते.” आमच्याकडे एवढी साखर असती, तर कारखानाच काढला असता.

त्या शनिवारी सोनवणे काकू मांडीवर एक साडी घेऊन बसल्या होत्या, आणि दारावर टकटक झाली.

“वर्षा, आहेस का गं?”

उपासनी काकूंचा आवाज! सोनवणे काकू उठल्या, इकडे वळल्या, तिकडे वळल्या, आणि साडी पोटाशी धरून थेट आमच्या बाथरूममध्ये शिरल्या. आतून कडी. मी दार उघडलं.

उपासनी काकू आत आल्या. हातात मोठी पिशवी, वर मेथीच. आधी त्यांनी दाराबाहेरच्या चपला बघितल्या. “ह्या कुणाच्या?”

“माझ्या,” मी म्हणाले. चपलांना सोनेरी खडे होते.

काकूंनी पलंगाकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, बसायला जागा शोधली आणि उभ्याच राहिल्या. आई एक पडदा टाचत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिने फक्त मान हलवली.

“ह्या चार आहेत,” काकू मेथी बाजूला करत म्हणाल्या. “ह्यातल्या दोन सोनवणेंच्या. आता त्यांचे असे पडदे कर, की खालून, पार्किंगमधून दिसले पाहिजेत. तिला काय वाटतं, मी तिचं काही वापरत नाही? रोज येता-जाता बघेल. भडक दिसले तरी चालतील. भडकच दिसतील, तिची निवड आहे.”

बाथरूममध्ये बादली धाडकन आपटली.

“कोण आहे आत?”

“पप्पा,” मी म्हणाले.

पप्पा नेमके तेव्हा पलंगावरच्या साड्यांमधून उठून बसले. दुपारची झोप चालू होती त्यांची.

काकूंनी पप्पांकडे बघितलं. बाथरूमच्या दाराकडे बघितलं. मग त्या सोनेरी खड्यांच्या चपलांकडे बघितलं. अध्यक्षीणबाई होत्या त्या. त्यांना सगळं कळलं, आणि आपण काय काय बोललो, तेही आठवलं.

“वर्षा,” त्या एकदम कुजबुजल्या, “इथे फार वर्दळ आहे गं. असं चारचौघांत... ती जिन्यामागची खोली... तिचं दार मागच्या बाजूला उघडतं ना? कॅमेरा पण नाही तिकडे. थर्माकोल मी आमच्या गॅलरीत हलवते. तू सोमवारपासून तिथेच बस. म्हणजे ज्याचं त्याला येता येईल, एकेकटं.”

आईने वर बघितलं. टाचण्या अजून तोंडातच होत्या. तिने हात पुढे केला.

“हो, हो, किल्ली देते की. आधी पडद्याचं माप तर घे.”

आईने मान हलवली. हात तसाच.

मी आईला इतकी वर्षं बघतेय. कुणी ‘काल देते’ म्हटलं तरी ती ‘बरं’ म्हणते. त्या दिवशी मात्र तो हात हलला नाही. स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली, तरी नाही. बाथरूममध्ये अगदी शांत होतं. सोनवणे काकूसुद्धा श्वास धरून असाव्यात.

उपासनी काकूंनी कमरेचा जुडगा काढला. एक किल्ली सोडवली. नख लागलं, तरी सोडवली. आणि आईच्या तळहातावर ठेवली.

मग आईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या, गळ्यातली टेप सरळ केली आणि म्हणाली,

“हं, बोला काकू. खिडकी किती रुंद?”